भागाबाईचे हातमोजे

भागाबाई म्हसे कलम बांधायला बसली की तिच्या हातांकडे बघू नये, असं नर्सरीतल्या बायका म्हणतात. बघणारीचं स्वतःचं काम राहून जातं. डाव्या हातात खुंट, म्हणजे खालचं मुळासकटचं रोप, उजव्या हातात चाकू. खुंटाला एक उभा छेद, वर जोडायच्या काडीला दोन तिरके काप, मग पाचर छेदात अलगद बसते आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर सरसर गुंडाळत जाते. शेवटची गाठ ती करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात पट्टी धरून आवळते. ही तिची स्वतःची लकब, कुणी शिकवलेली नाही. दिवसाला दीडशे-पावणेदोनशे कलमं, आणि त्यातली शंभराला नव्वद फुटणार म्हणजे फुटणार.

पूर्ण नाव भागीरथी सहादेव म्हसे, वय अठ्ठेचाळीस. घर देवळाली प्रवराच्या बाहेर वस्तीवर, आणि नर्सरी नदी ओलांडून कोल्हारच्या पलीकडे. मधलं अकरा किलोमीटरचं अंतर ती बावीस वर्षं काळ्या लेडीज सायकलवर तुडवत आली आहे. सहादेवनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मध्यंतरी स्कुटी घ्यायचा विषय काढला होता.

"तिला पेट्रोल पाजा, तिची सर्व्हिसिंग करा, अन् वर तीच मला बसवून नेनार," भागाबाई म्हणाली. "मग माझ्या पायांनी काय करायचं, नुसतं लोंबायचं?"

विषय तिथंच मिटला.

लांबच्या सायकलीचा नाद तिला लागला तो कोल्हारच्या पुलावर. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार होता, पण नर्सरीत काड्या पोचवायच्या होत्या म्हणून ती निघाली होती. कॅरियरला ओल्या गोणपाटात गुंडाळलेला काड्यांचा भारा. पुढं नगरच्या सायकल क्लबची पाच-सहा माणसं चालली होती, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्याला हेल्मेट. पुलावर वारा समोरून येत होता आणि ती मंडळी मेटाकुटीला आली होती. भागाबाईनं घंटी वाजवली, पदर खोचला आणि एकेकाला मागं टाकत पूल पार केला. पलीकडच्या चहाच्या टपरीवर त्यांनी तिला गाठलं.

"मावशी, रोज किती चालवता?"

"रोज बावीस. सुट्टीचा दिस सोडून."

त्यांनी तिला चहा पाजला आणि एक कागद दिला. दोनशे किलोमीटरची राईड असते, साडेतेरा तासांत पुरी करायची, पुरी केली की यादीत नाव लागतं. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, आपलं आपल्याशीच. हे शेवटचं भागाबाईला फार आवडलं.

तिची मुलगी ज्ञानेश्वरी नगरला एका शाळेत शिकवते. तिनं आईसाठी गिअरची एक जुनी सायकल शोधून काढली. कुणीतरी वजन कमी करायला घेतलेली आणि वजन होतं तेवढंच ठेवून विकायला काढलेली. भागाबाईनं आठ दिवस तिच्याशी झटापट केली, दोनदा शेवग्याच्या झाडावर आदळली, आणि नवव्या दिवशी गिअर तिच्या ताब्यात आले. मग दर रविवारी पहाटे ती बाहेर पडू लागली. आज राहात्यापर्यंत, पुढच्या रविवारी बेलापूरवरून फिरून. सहादेव शेळ्या सोडता सोडता विचारायचा, "आज कुनीकडं?" ती सांगायची आणि जायची.

गेल्या जुलैत तिनं पहिल्यांदा शंभर पुरे केले. देवळालीहून नगर, नगरहून परत, वर थोडी इकडची तिकडची भर. पाय ठणठणीत होते. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली तेव्हा मात्र काहीतरी वेगळं जाणवलं. पिठाचा ओलावा उजव्या हाताच्या तीन बोटांना कळत होता, करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला कळत नव्हता. ती दोन बोटं जागेवर होती, पण दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. झोपून उठल्यावर उतरेल म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

सोमवारी थोडं उतरलं, थोडं राहिलं. आंब्याच्या कलमांचा हंगाम भरात होता. गाठ आवळताना पट्टी बोटांतून निसटायची. ती पुन्हा धरायची, पुन्हा आवळायची. आपल्याला वाटतंय तेवढी गाठ घट्ट बसलेली नाही हे तिला त्या दिवशी कळलंच नाही. कळणार कसं? ज्या बोटांनी सांगायचं तीच गप्प होती.

तीन आठवड्यांनी त्या सोमवारच्या ओळीत निम्म्या काड्या काळ्या पडलेल्या दिसल्या. नर्सरीचे मालक आप्पासाहेब ओळीतून चालत गेले, दोन-तीन पिशव्या उचलून पाहिल्या आणि खाली ठेवल्या. रागावले नाहीत.

"भागाबाई, तब्येत बरी आहे ना?"

हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. "तब्येत बरी हाय, आप्पा," ती म्हणाली. "बोटं ऐकंनात. त्यांचं काय ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती राहुरीला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी तिचा तळहात उलटा-सुलटा केला, मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला जो मांसल उंचवटा असतो तिथं दाबलं. खांद्यापर्यंत कळ गेली.

"इथून एक नस जाते," ते म्हणाले. "हँडलवर तासन् तास भार टाकला की ती दबते. महिनाभर लांब जाऊ नका. नंतर जाल तेव्हा गादीचे हातमोजे घाला आणि हाताची जागा बदलत राहा."

"सायकल सोडावी लागंल का?"

"दुर्लक्ष केलंत तर बोटं सोडावी लागतील. काळजी घेतलीत तर काहीच सोडायला नको."

घरी आल्यावर सहादेव म्हणाला, "बघ बाई. हातावर आपलं पोट हाय. त्या दोनशे किलोमीटरनं काय दळन येनार हाय का?"

"दळन न्हाई येनार," ती म्हणाली. "पर मला जायचंय. अन् बोटंबी ऱ्हायला पायजेत. दोन्ही हुईल. दोन्ही कसं हुईल तेवढंच शोधायचंय."

महिनाभर ती फक्त कामावर जात-येत राहिली, काळ्या सायकलवर. बोटं हळूहळू परत आली. या महिन्यात तिच्या एक लक्षात आलं. काळ्या सायकलवर आपण ताठ बसतो, हात हँडलला नुसते टेकलेले असतात. गिअरच्या सायकलवर आपण पुढं वाकतो आणि अर्धं अंग हातांवर रेलतं. म्हणजे दुखणं सायकल चालवण्याचं नव्हतं, रेलण्याचं होतं.

तोवर ज्ञानेश्वरीनं मोबाईलवरून हातमोजे मागवले होते. चांगले जाडजूड. तळव्यावर निळ्या जेलच्या फुगीर उशा, दाबलं की बोट आत रुतावं अशा.

"आई, सगळ्यांत जास्त गादी याच्यातच आहे," ती कौतुकानं म्हणाली.

भागाबाईनं ते घालून रविवारी राहुरी गाठली आणि तिथूनच परत फिरली. घरी आली ती हात झटकतच.

"काय झालं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"अगं, मूठच मिटंना. हँडल हातात हाय का न्हाई त्येच कळंना, म्हून मी आनखी घट्ट धरती. जेवढं घट्ट धरती तेवढं दुखतं. इथपत्तुर हात भरून आलेत." तिनं कोपराखाली चोळून दाखवलं. "लई मऊ गादीवर निजलं की पाठ धरती, तसं झालं हे."

"मग पातळ मागवू?"

"तू आता काई मागवू नको. आधी मला कळू दे, भार पडतो कुठं."

नर्सरीत झाडांच्या बुंध्याला लावायला गेरू भिजवलेला असतो. दुसऱ्या दिवशी तिनं वाटीभर गेरू घरी आणला. गिअरची सायकल पडवीत भिंतीला टेकवली, हँडलला दाट गेरू फासला, सहादेवला मागचं चाक धरायला लावलं आणि वर बसून, नेहमीसारखं वाकून, हँडल धरलं. सहादेव तोंड दाबून हसत होता.

"हसू नका, हलतीय सायकल."

पाच मिनिटांनी ती उतरली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान पालथं घालून त्यावर दोन्ही तळवे दाबले. कागदावर लाल पंजे उमटले. बोटांच्या मुळाशी फिकट रेघ, अंगठ्याच्या बेचक्यात एक डाग, आणि करंगळीच्या बाजूला, बरोबर डॉक्टरांनी दाबलं होतं तिथं, दाट लालभडक ठसा. उजव्या हाताचा ठसा डाव्यापेक्षा मोठा. तिनं कागद वाळवला, घडी घातली, आणि पुढच्या सुट्टीला ज्ञानेश्वरीला बरोबर घेऊन नगरला सावेडीतल्या सायकलीच्या दुकानात गेली. गिअरची सायकल सहादेवच्या ओळखीच्या टेम्पोत टाकून नेली होती.

दुकान योगेश नावाच्या माणसाचं. पस्तिशीचा, दाढी राखलेला, स्वतः सायकल चालवणारा. त्यानं आधी गुलाबी जोडी काढली.

"हे घ्या मावशी, लेडीज."

भागाबाईनं हातमोजा हातात घेतला. "रंग लेडीज हाय. माप कुनाचं हाय?"

योगेश हसला. "लेडीज म्हणजे थोडं लहान असतं."

तिनं घालून पाहिला. बोटं बरोबर, पण तळहात आवळला. बावीस वर्षं चाकू धरलेला पंजा. रुंद, आखूड बोटांचा. योगेशनं मग मापाची पट्टी काढून तिच्या तळहाताभोवती, बोटांच्या मुळाशी फिरवली आणि भुवया उंचावल्या. पुरुषांची मधली साईज भरत होती.

"असं माप कुणी घेत नाही मावशी," तो म्हणाला. "लोक रंग बघतात."

"कलमाला पट्टी बांधतो आमी," ती म्हणाली. "लई घट्ट बसली तर रस वर चढत न्हाई, सैल बसली तर आत हवा शिरती. दोन्हीकडून काडी मरती. हाताचंबी तसंच असनार."

तिनं पिशवीतून कॅलेंडरचा कागद काढून काउंटरवर पसरला. योगेश वाकून बघू लागला. तो किती तरी वर्षं हातमोजे विकत होता, पण गिऱ्हाईक भार पडल्याचा नकाशा घेऊन आलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. आत जाऊन त्यानं चार खोकी आणली.

भागाबाईनं एकेक जोडी आतून बाहेर उलटी केली. शिवण कुठं येते ते बोटानं चाचपलं. पहिल्या जोडीत अंगठ्याच्या बेचक्यात जाड शिवण होती. "हे पन्नास किलोमीटरला कातडं सोलंल," म्हणून ती बाजूला. दुसरीची गादी तळहाताच्या मधोमध होती. तिनं ती लाल ठशावर ठेवली. जिथं भार नव्हता तिथं गादी, जिथं भार होता तिथं नुसतं कापड. तीही बाजूला. राहिल्या दोन. एकात करंगळीच्या बाजूला सलग जाड जेल. दुसऱ्यात तिथंच, पण पातळ, घट्ट स्पंजाचे दोन तुकडे, आणि त्या दोन तुकड्यांमधून एक खाच गेलेली.

"ही खाच कशाला?"

"नस तिथून जाते ना," योगेश म्हणाला. "दोन्ही बाजूंनी उचलून धरायचं आणि मध्ये मोकळं ठेवायचं. पण सगळ्यांच्या हाताला ती खाच बरोबर जागी येत नाही."

"मग घालून बघितल्याबिगर कसं कळनार?"

"घाला की."

"असं उभ्याउभ्या न्हाई. तासभर."

ज्ञानेश्वरीनं हळूच आईचा पदर ओढला. भागाबाईनं तो सोडवून घेतला. "भाऊ, तुमी रागावू नका. घरी नेऊन चालवून आनले तर तुमी परत घेनार न्हाई, अन् ते बरोबरच हाय. त्यापरीस हितंच बघते. सायकल हाय माझी बाहेर."

योगेशनं तिची सायकल आत घेतली आणि जागेवर पायडल मारता येतं त्या स्टँडवर चढवली. भागाबाईनं एका हातात सलग जेलचा हातमोजा घातला, दुसऱ्यात खाचेचा, आणि पायडल मारायला लागली. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, साडी नेसून एकाच जागी सायकल हाणणाऱ्या बाईकडे बघत होती. ती समोरच्या भिंतीवरच्या टायरांकडे बघत राहिली. अर्ध्या तासानं हातमोजे अदलून बदलून घातले. पुन्हा अर्धा तास.

याच वेळात योगेशला दुसरंच काहीतरी दिसलं.

"मावशी, थांबा. तुमच्या सीटचं नाक खाली झुकलंय. तुम्ही सारख्या पुढं घसरताय आणि हातांनी स्वतःला मागं ढकलताय. असं असलं तर कुठलाही हातमोजा घाला, हात मरणारच."

भागाबाई उतरली. सीटला हात लावून पाहिला. खरंच होतं. इतके दिवस आपण घसरतोय हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं तिला वाईट वाटलं, पण लपवलं नाही. "हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई," ती सरळ म्हणाली. "करा बरोबर."

योगेशनं सीट सपाट केली, हँडल दोन बोटं वर उचललं. ती पुन्हा बसली. हातांवरचा निम्मा भार गेला. आता राहिलेल्या भाराला कोणता हातमोजा, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर हातांनी दिलं. सलग जेलच्या हातात तळवा चेचल्यासारखा, खाचेच्या हातात निवांत. तिनं मूठ मिटून पाहिली, कापडाला चुणी पडत नव्हती. मनगटाची चिकटपट्टी लावून खाली एक बोट सरकवून पाहिलं, सरकलं. अंगठ्याच्या पाठीला घाम पुसायला टॉवेलसारखं कापड होतं. रंग काळा, दिसायला साधा, दुकानातला सगळ्यांत महागही नाही आणि स्वस्तही नाही.

"हा द्या," ती म्हणाली.

योगेशनं कॅलेंडरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "मावशी, हा मला ठेवू का? गिऱ्हाइकांना दाखवायला."

"ठेवा. माझं काम झालंय."

ऑक्टोबर-नोव्हेंबरभर तिनं हातमोजे वापरून वापरून मऊ केले. हाताची जागा बदलायची सवय लावून घेतली. दर मैलाच्या दगडाला हात उचलायचा, झटकायचा, थोडा वेळ बोटांच्या मुळावर भार, थोडा वेळ तळव्याच्या कडेवर. सत्तर किलोमीटर, ऐंशी, एकशेदहा. बोटं जागी राहिली. मग तिनं दोनशेच्या राईडला नाव घातलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहा वाजता नगरहून चाळीस जण निघाले. जायचं कोपरगावला आणि त्याच रस्त्यानं परत. आदल्या दिवशी ती ज्ञानेश्वरीच्या खोलीवर मुक्कामाला होती. पंजाबी ड्रेस, हेल्मेट, कमरेला छोटी पिशवी. थंडी मी म्हणत होती. विळद घाट उतरताना अर्ध्या बोटांच्या हातमोज्यातून बाहेर आलेली पेरं गारठली, पण ब्रेकची दांडी बोटांना नीट कळत होती. कृषी विद्यापीठ मागं पडेपर्यंत उजाडलं. राहुरीपासून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागल्या, त्यांच्यामागं थांबत, बाजू मिळाली की सुटत ती देवळालीच्या फाट्यावर आली. तिथं सहादेव ताकाचा तांब्या घेऊन उभा होता.

"बोटं?" त्यानं पहिला शब्द काढला तो हाच.

तिनं हातमोज्यातली पाचही बोटं त्याच्यासमोर हलवली, ताक प्यायली आणि निघाली. कोल्हार, बाभळेश्वर, राहाता, शिर्डी. कोपरगावला साडेअकराला पोचली. वेळ नोंदवायच्या कार्डावर शिक्का घेतला, दोन केळी आणि शेंगदाण्याचा लाडू खाल्ला, पंधरा मिनिटं हातमोजे काढून हात मोकळे सोडले, आणि परत फिरली.

राहाता ओलांडल्यावर लिंबाच्या झाडाखाली एक तरुण सायकल आडवी टाकून बसलेला दिसला. सकाळी निघताना तो तिच्या शेजारीच उभा होता. महेंद्र नाव, नगरच्या एमआयडीसीत इंजिनिअर. चेहरा पडलेला.

"काय रं, पंक्चर का?"

"नाही मावशी. हात गेलेत. ब्रेक दाबला तरी दाबला का नाही कळेना. मघाशी ट्रॉलीला धडकता धडकता वाचलो. मी सोडतोय. गाडी बोलावतो."

भागाबाईनं सायकल झाडाला लावली. "हात दाव."

त्याच्या हातात तेच हातमोजे होते, जाड फुगीर जेलचे, नव्वद टक्के लोक घेतात ते. आणि मनगटाची पट्टी अशी करकचून आवळलेली की खाली वळ उठला होता. तिनं ते ओढून काढले. बोटं पांढुरकी पडली होती.

"ब्रेक कळत नसंल तर तू थांबला हे बरोबर केलं," ती म्हणाली. "पर सोडायचं का न्हाई ते आत्ताच ठरवू नको. आधी हात खाली सोड. झटक. आता मूठ उघड-मीट कर, मी सांगस्तवर."

तो करत राहिला. तिनं त्याचं हँडल पाहिलं. पकडीचं रबर झिजून गुळगुळीत आणि टणक झालेलं. कमरेच्या पिशवीत तिचा सुती रुमाल होता, आणि कलमाच्या पट्टीची गुंडाळी तर तिच्याकडे असतेच. तिनं रुमालाच्या दोन लांब पट्ट्या फाडल्या, एकेक हँडलच्या दोन्ही टोकांना एकावर एक अर्धी चढवत गुंडाळली, आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी खालून वर सरसर ओढत नेली. महेंद्र मूठ मिटायची विसरून बघत राहिला. एकशेपंचवीस किलोमीटर झाले होते. भागाबाईनं पट्टीचं टोक करंगळी आणि शेजारच्या बोटात धरलं आणि गाठ आवळली. गाठ बसली. बसली हे दोन्ही बोटांनी तिला स्पष्ट सांगितलं. ती मनातल्या मनात हसली, आणि दुसऱ्या बाजूची गाठ मारायला घेतली.

वीस मिनिटांनी महेंद्रच्या बोटांत मुंग्या आल्या, मग ऊब आली. तिनं त्याला ब्रेक दाबून दाखवायला लावला. एकदा नाही, दहा वेळा.

"कळतंय?"

"कळतंय."

"ते मोजं आता घालू नको, पिशवीत टाक. कोल्हारपत्तुर माझ्या मागं हळूहळू ये. तिथं पुन्यांदा बघू. न्हाई जमलं तर तिथून गाडी बोलाव, मी बी आडवनार न्हाई."

कोल्हारला जमत होतं. देवळालीला जमत होतं. राहुरीच्या पुढं तिनं त्याला सांगितलं, "आता तू तुझ्या चालीनं ये, मी माझ्या." कारण पुढं विळद घाट होता, आणि चढाला दुसऱ्याची चाल धरली की दम तुटतो हे तिला ठाऊक होतं.

घाट लागला तेव्हा उन्हं कलली होती. ती सगळ्यांत हलक्या गिअरवर आली, सीटवर मागं सरकली, हात हँडलला नुसते टेकवले आणि पायांवर सोपवलं. शेजारून ट्रक हुंकारत चढत होते. मध्ये एकदा मांड्या इतक्या पेटल्या की उतरून ढकलत न्यावी असं वाटलं. ती दगडापासून दगडापर्यंत मोजत गेली. एक दगड, हात झटक. दुसरा दगड, हात झटक. आणि एकाएकी चढ संपून दिवे दिसायला लागले.

सहा वाजून वीस मिनिटांनी तिच्या कार्डावर शेवटचा शिक्का पडला. बारा तास वीस मिनिटं. ज्ञानेश्वरी धावत आली, आईला मिठी मारली आणि लगेच तिचा उजवा हात ओढून हातमोजा काढला.

"डोळे मीट. सांग, कुठल्या बोटाला लावलं?"

"करंगळीला. अन् नखं काप तुझी, टोचत्यात."

महेंद्र सातच्या ठोक्याला आला. सायकल स्टँडला लावून तो सरळ भागाबाईकडे आला आणि खाली वाकला. तिनं त्याला मध्येच धरून उभं केलं. "पाया नको पडू. सावेडीला दुकान हाय, तिथं जा. पर हात मोजून घे आधी. मी घेतले म्हून माझ्यासारखे घेऊ नको, माझा पंजा येगळा, तुझा येगळा."

सोमवारी तिनं सुट्टी घेतली, मंगळवारी कामावर गेली. सीताफळाच्या कलमांना सुरुवात झाली होती. जानेवारीत आप्पासाहेब त्या ओळीतून फिरले. शंभरातली त्र्याण्णव फुटली होती. त्यांनी तेवढा आकडा सांगितला आणि पुढं गेले. तिला तेवढं पुरलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सत्तर किलोमीटर करून ती घरी आली, तेव्हा हातमोजे घामानं कडक झाले होते. सहादेवनं आपण होऊन ते बादलीत बुडवले, साबण लावून चोळले आणि अंगणातल्या तारेवर, भर उन्हात टाकले. भागाबाईनं ते उचलून पडवीच्या सावलीत टांगले.

"उन्हानं आतली गादी कडक पडती," ती म्हणाली.

"पुढल्या महिन्यात तीनशेची हाय म्हनं?"

"व्हय. वीस तासांत."

सहादेवनं टांगलेले हातमोजे सरळ केले. "मग त्याला नवीन घ्याचे का?"

"कशाला? हेच. आता कुठं हाताला बसायला लागलेत," म्हणत तिनं चुलीपुढं पाट ओढला आणि परात घेतली.